आधी तू सांग, आपा

इरफानचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला जायची पिशवी भरत होते. जायचं दुसऱ्या दिवशी होतं, पण आदल्या दिवशीच पिशवी भरून दाराशी ठेवायची मला खोड आहे. पिशवीत एक साडी, चष्म्याची डबी, एक पारदर्शक पट्टी आणि एक जुनं बॉलपेन. ‘खाला, अम्मी गेली,’ इरफान म्हणाला. नजमा आपा, त्याची आई, माझी अर्ध्या आयुष्याची जोडीदारीण... क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. गोळ्या सुरू झाल्या म्हणजे आता ती सुटली, असं मी भेटेल त्याला सांगत होते. साखर आणि हृदय यांचा हिशेब मी त्यात धरलाच नव्हता.

अमरावतीहून अकोला काही लांब नाही. पण त्या दिवशी गाडी बडनेऱ्याला रेंगाळली, मूर्तिजापूरला तर ड्रायव्हर चहा प्यायला उतरला तो चहाचा मळाच लावून आला असावा. मी आपाच्या गल्लीत शिरले तर गल्लीत एकही पुरुष दिसेना. त्यावरूनच समजलं, जनाजा निघून गेला होता. घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आपाची लोखंडी खाट उघडी पडली होती, गादी उन्हात टाकलेली. आयुष्यभर जिच्याबरोबर बसून परक्या पोरांचे हात हातात घेतले, तिच्या हाताला शेवटचा हात लावायचा माझा राहून गेला. ते दुःख मला अजून गिळता येत नाही, आणि येईल असं वाटतही नाही.

तरी मला तिथं थांबायचंच होतं, कारण त्या घरात एक काम व्हायचं होतं आणि ते कुणाच्या मरणासाठी थांबणारं नव्हतं. इरफानची मुलगी ऐमन नऊ वर्षांची आहे. दूध सुटल्यापासून ती आजीच्याच कुशीत झोपायची. आजीला क्षय निघाल्यावर घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. ऐमनच्या छातीचा फोटो स्वच्छ आला, पण जंतू अंगात शिरून गप्प बसले असले तर फोटोत दिसत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी कातडीवरची चाचणी सांगितली. कोपर आणि मनगट यांच्या मधे, हाताच्या आतल्या बाजूला कातडीत बारीक सुई देतात आणि दोन दिवसांनी, तिसरा दिवस उलटायच्या आत, तिथं आलेली सूज मोजतात. दहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली तर लागण झाली असं धरायचं. लागण म्हणजे आजार नव्हे, पण पुढं आजार होऊ नये म्हणून गोळ्या देता येतात. कमी भरली तर सहसा पोराला घरी पाठवतात. आपा गेली त्याच्या आदल्या दिवशी ऐमनच्या हाताला ही सुई दिली होती.

आणि ती सूज मी मोजावी, हे आपानं मला फोनवर बजावून ठेवलं होतं. आवाज पार खोल गेलेला. ‘नलू, ऐमनचा हात तूच पाहाजो. मी नाई पाहात. अन् तस्नीमलेबी पाहू देऊ नोको.’ तस्नीम म्हणजे तिची सून, ऐमनची आई. मी म्हटलं, अगं, दवाखान्यातली मुलगी मोजेलच की. तर म्हणाली, ‘थे तर मोजंनच. तिले तिचं मोजू दे. पण आधी तू.’ ती असं का म्हणाली, ते कळायला मागं जावं लागेल.

आम्ही दोघी क्षयाच्या एका सर्वेक्षणात नोकरीला लागलो तेव्हा मी कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते आणि आपाच्या कडेवर इरफान होता. अकोल्याला जठारपेठेत भाड्याच्या दोन खोल्या, हेच आमचं ऑफिस. काम एकच. तालुक्यातालुक्यांतल्या शाळांत जायचं, पोरांना सुई द्यायची, दोन दिवसांनी परत जाऊन सुजा मोजायच्या. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. सुईच्या जागी कातडी लाल होते आणि आत एक घट्टपणा येतो. मोजायचा असतो घट्टपणा. पण लाली डोळ्याला दिसते, घट्टपणा फक्त बोटाला कळतो, आणि डोळा बोटाला फार लवकर फितवतो. म्हणून बॉलपेननं बाहेरून सुजेकडं हळूहळू रेघ ओढत न्यायची. कड लागली की पेन अडतं. दुसऱ्या बाजूनंही तसंच करायचं, मग मधलं अंतर पट्टीनं मोजायचं. एवढं करूनही तोच हात मी मोजला तर बारा भरायचा आणि आपानं मोजला तर नऊ. पोर तेच, दुपार तीच, पट्टीसुद्धा एकाच दुकानातली.

म्हणून सर्वेक्षणाच्या साहेबांनी नियम घातला होता, की काही पोरांचे हात आम्ही दोघींनी मोजायचे, पण एकमेकींना कळू न देता. वर्गात मधोमध चादर बांधायची. अलीकडं मी, पलीकडं आपा. पोर माझ्याकडून उठून तिकडं जायचं, जाताना मी स्पिरिटनं रेघा पुसून टाकायच्या, आणि आकडा लिहिणाऱ्याच्या कानात सांगायचा. सुरुवातीला माझे आकडे सारखे दहाच यायचे. दहा हा आकडा असाच लाघवी आहे, पट्टीवर मोठ्या अक्षरात बसलेला असतो, नजर आपोआप तिकडं जाते. एकदा आपानं ते ताडलं आणि सगळ्यांसमोर माझी काढली. ‘तुह्या बोटाले दहाचा नाद लागला का वं? साऱ्या गावाले दहाच? नऊ-अकरा काय मेले का?’ मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या डब्यात आपली अंड्याची भुर्जी ढकलली. आमच्या घरात अंडं चालायचं नाही. मी ती बोटं चाटून खाल्ली आणि भांडण मिटलं.

संध्याकाळी परतताना जीपमधे आमचा खेळ चालायचा. एखादा अवघड हात आठवायचा, तो तेल लावलेल्या केसांचा पोरगा, ती नाक ओढणारी पोरगी, आणि मग, ‘आधी तू सांग.’ ‘तू लहान, तू सांग.’ ‘तू मोठी, तुझा मान.’ आपाला दम नव्हता, नेहमी तीच हरायची आणि आकडा सांगून टाकायची. मग मी माझा सांगायचे. आता वाटतं, त्या खेळात सगळं काही होतं. मागून बोलणारीला लबाडी करायला कितीशी अक्कल लागते? तिचा आकडा ऐकून आपला थोडा तिच्याजवळ सरकवायचा, झालं. मी कधी सरकवला नाही. तिला ते ठाऊक होतं, म्हणून ती बिनघोर आधी सांगायची. पुढं कामाबाहेरही हीच सवय लागली. कलिंगड लाल निघेल की पांढरं, इरफानला बघायला आलेली माणसं होकार देतील की नाही, माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन करावं की थांबावं... आधी ती सांगायची, मग मी. मी अमरावतीला नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागले आणि ती अकोल्यातच राहिली, तरी फोनवर हेच.

हिवरखेडची ईद मी कधी विसरणार नाही. साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघून सुया द्यायचा दिवस ठरवला. आपा म्हणाली होती, ‘साहेब, चाँद काई कॅलेंडर पाहून निघत नाई.’ साहेब हसले. चंद्र एक दिवस आधी दिसला आणि मोजणीचा दिवस नेमका ईदेवर आला. पुढं ढकलावं तर मुदत उलटते, सगळ्या सुया फुकट. मला वाटलं, आपा आता काही येत नाही. तर सकाळी ही बाई हातभर मेंदी, नवा सलवार-कमीज आणि शीरखुर्म्याचा डबा घेऊन जीपशी हजर. ‘ईद पुढल्या सालीबी येईन. ह्या सुजा काय थांबून राह्यल्या आपल्यासाठी?’ शाळेत पोरी आल्या त्याही नटूनथटून, कोपरापर्यंत मेंदी. एकीच्या तर बरोबर सुईच्या जागी कोयरी काढलेली होती. लाली दिसायची सोयच उरली नव्हती. पेनाची रेघही मेंदीवर उठेना, म्हणून पेन अडेल तिथं नख टेकवून आम्ही मोजलं. एक म्हातारी नातीला घेऊन आली होती, तिनं आपापुढं स्वतःचा हात पसरला. ‘माहाबी हात पाह्य ना माय, सुख हाय का लिवलेलं?’ आपानं अगदी गंभीरपणे तो चाचपला आणि म्हणाली, ‘हाय ना आजी. पण लईच बारीक हाय, पट्टीत नाई येत.’ म्हातारीसकट सगळा वर्ग हसला.

संध्याकाळी साहेबांनी दोघींचे आकडे शेजारी ठेवले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मेंदीवाल्या पोरींचे आकडे जवळजवळ सगळे जुळले होते. इतके कधीच जुळले नव्हते. ‘चादरीआडून कुजबुजलात का?’ त्यांनी विचारलं. आपाचा ईदेचा चेहरा उतरला. ती उठली, रेंगाळलेल्या दोन पोरींना बोलावलं, ओढणी स्वतःच्या डोळ्यांवर करकचून बांधली आणि साहेबांसमोर नखानं पुन्हा कडा धरून दाखवल्या. आकडे तेच. ‘डोये खोटं बोलतात साहेब, मेंदीनं त्याइले गप बसवलं,’ ती म्हणाली. साहेबांनी ते अहवालात घातलं नाही. मेंदीमुळं मोजणी सुधारली असं लिहायची लाज वाटली असेल. पण त्या दिवसापासून आपानं डोळे मिटल्याशिवाय एकही हात मोजला नाही. आधी पोराला सांगायची, ‘तूबी मिट, मीबी मिटतो.’ दोघं डोळे मिटून बसलेली, मधे एक बारका हात... मला तिचं हेच रूप आठवतं.

पण डोळे मिटायच्या हट्टाला आणखी एक कारण होतं. ते तिनं मला एकदाच सांगितलं, अमरावतीहून अकोल्याला जाताना, बसमधे, खिडकीबाहेर बघत. आपाला शमीम नावाची धाकटी बहीण होती. आई गेल्यावर आपानंच तिला वाढवलं. नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून तिला ही चाचणी करायला लावली, आणि मोजायच्या दिवशी सुट्टी आली. घरातच मोजणारी असताना दवाखाना कशाला? आपानं मोजलं, आठ भरलं. आठाला कुणी छातीचा फोटो काढत नाही. शमीम शिकायला गेली, पुढं तिचं डोकं दुखायला लागलं, उलट्या व्हायला लागल्या, आणि क्षय मेंदूपर्यंत गेल्याचं कळेतोवर वेळ गेली होती. ती परत घरी आली नाही.

‘पेन कुठी अडलं ते मले आजबी आठवते,’ आपा म्हणाली. ‘कधी वाटते दहावर अडलं होतं, मीच मनानं आठावर नेलं. लेकरू होतं ना वं माहं, कमी भरावं वाटतच असंल मले. अन् कधी वाटते, नाई, आठच होतं. खरंच आठ असंल. त्याचा काई पत्ताच नाई लागत ना आता. दुसऱ्या कोणं मोजलंच नव्हतं.’ मी म्हटलं, आपा, दोन मिलिमीटरची चूक तर आपण रोज करतो. माझा हेतू तिला धीर द्यायचा होता. ती माझ्याकडं वळून म्हणाली, ‘हेच तर. रोज करतो.’ मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायची हिंमत होत नव्हती. आपल्या माणसाचा हात आपण मोजायचा नाही, हा नियम तिनं शमीमनंतर कधी मोडला नाही. इरफानच्या चाचणीच्या वेळीसुद्धा तिनं मला बोलावून घेतलं होतं.

गेल्या वर्षापासून तिच्या बोटांतली जाण चालली होती. साखरेनं बोटं बधिर झाली. ‘माह्या बांगडीची कडबी मले कळत नाई आता,’ असं हसत म्हणायची. मग खोकला लागला. फोनवर दोन वाक्यांच्या मधे खोकायची आणि फोडणीचा ठसका म्हणायची. मी म्हटलं, सकाळ-संध्याकाळ कुणाकडं फोडणीच चालू असते गं? थुंकी तपासून घे. मी कानीकपाळी ओरडले, इरफानलाही बोलले. तर बाईसाहेब म्हणाल्या, ‘मी टीबीले चांगला वळखतो. हा थो नोय.’ जगाचे हात चाचपणारी, स्वतःच्या छातीवर मात्र कान ठेवायला तयार नव्हती. मला अजूनही तिचा राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावते. शेवटी इरफाननं बळेबळे नेलं आणि जे निघायचं ते निघालं.

आमची शेवटची भेट दवाखान्यात झाली. तोंडावर मास्क, दंड काडीसारखे झालेले. स्वतःच्या आजाराबद्दल ती एक शब्द बोलली नाही. ‘माह्याच कुशीत झोपे ना वं थे,’ एवढंच पुन्हा पुन्हा. ‘रात्रभर माह्या तोंडाशी तोंड. मी तिले गोष्टी सांगो... मी काय काय दिलं तिले, नलू?’ मी तिच्या पायावर हात ठेवून बसले होते. असल्या वेळी सुचतं ते सगळं खोटं असतं, आणि आपाला खोटं चालत नसे.

माती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऐमनला मी आपाच्या खोलीत घेऊन गेले. घरात चूल नव्हती, शेजाऱ्यांकडून चहा आला होता. चाचणीची कुणाला आठवणही नव्हती, आणि कशी असावी? तस्नीम मागोमाग आली आणि दाराशी उभी राहिली. मी तिला म्हटलं, तू बघू नकोस. तिनं मुकाट्यानं तोंड फिरवलं. ऐमन खाटेवर बसली. मी तिची बाही वर केली. गोरा हात, लाली केवढी तरी पसरलेली. आणि त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, कमी भरू दे. देवा, आठ भरू दे. म्हणजे आपानं या पोरीला काही दिलं नाही असं तरी होईल. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही पोर मलाही परकी नव्हती. आपाच्या नियमानं तिचा हात मोजायला मीही नालायकच होते. पण दुसरं होतं कोण?

माझं मोजून झाल्यावर त्याच दुपारी मी तिला दवाखान्यात नेलं. माझा आकडा न सांगता तिथल्या मुलीला मोजायला लावलं. तिनं चटकन पट्टी लावून दहा सांगितले. तोच लाघवी दहा. एरवी मी तिला दोन शब्द सुनावले असते, त्या दिवशी सोडून दिलं. दोघींच्याही मोजण्यात आकडा दहाच्या खाली नव्हता. आता ऐमनच्या गोळ्या सुरू आहेत, ती वेळेवर घेते, तस्नीम मला फोनवर सांगते. पोर धडधाकट आहे आणि तशीच राहील. हे सगळं नीट झालं. तरी लिहायला बसले की मन त्या खोलीतच जातं.

त्या खोलीत मी ऐमनला म्हटलं, ‘डोळे मिट.’ ती म्हणाली, ‘मालूम है, दादीने सिखाया,’ आणि तिनं मिटले. मीही मिटले. बोटानं कड शोधली, पेन हळूहळू आत नेलं, ते अडलं तिथं थांबवलं. मग दुसऱ्या बाजूनं. डोळे उघडून पट्टी लावली आणि अकरा बघितले. पुन्हा बघितले, अकराच. आकडा तोंडातच धरून मी बसून राहिले. ‘कित्ता आया, खाला?’ दाराकडून तस्नीमनं विचारलं. आणि माझ्या तोंडून, त्या उघड्या लोखंडी खाटेकडं बघत, इतक्या वर्षांच्या सवयीनं निघून गेलं, ‘आधी तू सांग.’

तस्नीमनं ओढणी तोंडाशी धरली. ऐमनचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिला वाटलं, मी तिलाच विचारलं. तिनं दुसऱ्या हाताचं बोट त्या सुजेवर टेकवलं, आजी फिरवायची तसं कडेकडेनं फिरवलं, जरा थांबली... आणि म्हणाली, ‘बडा है, नलूदादी.’

मग मी माझा आकडा सांगितला.